पळीनं पकडलेला जर्मन

डब्यात आठ वस्तू होत्या. एक, लोखंडी क्रॉस, सव्वाचार सेंटिमीटर रुंद, वरच्या टोकाला कडी. दोन, बोटाएवढी लांब एक पट्टी. तिच्यावर शेजारीशेजारी तीन रंगीत फिती आणि पाठीमागे पिन. तीन, चार आणि पाच, कोटाची बटणं. सहा, हळदकुंकू लागलेली कापसाची वस्त्रमाळ. सात, आपट्याचं वाळकं पान. आठ, मेलेलं झुरळ.

“झुरळ धरू नका मोजणीत,” डबा उघडणारे गृहस्थ म्हणाले. “ते आमचं न्हवं. डब्याचं हाय.”

पण मी लिहून बसले होते.

ही सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. होऊन कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, अण्णा पोतदारांकडे नोकरीला लागले होते. दागिन्यात सोनं-चांदी किती टक्के ते सांगायचं, एवढंच आमचं काम. ते सांगायला अण्णांकडे कसोटीचा काळा दगड होता आणि माझ्याकडे क्ष-किरणांचं यंत्र. यंत्र अण्णांच्या मुलानं आणलं होतं, आणि यंत्र चालवायला मला. अण्णा आम्हा दोघांकडे सारख्याच संशयानं बघत.

“तुझं यंत्र किती चुकतं गं, शास्त्रीणबाई?” ते रोज विचारत.

“दशांश तीन टक्के, अण्णा. इकडे नाहीतर तिकडे.”

“माझा दगड चुकला तर निदान मी ओशाळतो. हे कुठलं ओशाळतंय!”

डबा घेऊन आलेले गृहस्थ म्हणजे श्रीपती खोचरे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, वय एकोणसत्तर. त्यांच्यासोबत त्यांच्याच गावचे कॅप्टन हिंदुराव होते. फौजेतून परतून वीस वर्षं झाली तरी खुर्चीत ताठ बसायची सवय सुटली नव्हती. गाव भोगावतीच्या काठचं, घरटी एक माणूस फौजेत. गावानं वर्गणी काढून सैनिकांच्या आठवणींचं दालन बांधलं होतं. पाच दिवसांनी, खंडेनवमीला, त्याचं उद्घाटन.

“विषय असा आहे मॅडम,” कॅप्टन म्हणाले, “की गेल्या वर्षी एकानं दालनाला मावळ्याची तलवार दिली. वाजतगाजत आणली. नंतर कळलं, नाटक कंपनीची. पत्र्याची. तेव्हापासून कमिटीचा ठराव आहे, तपासल्याशिवाय काही ठेवायचं नाही.”

“ती तलवार ह्यांच्या मेव्हण्यानं दिली हुती,” श्रीपतराव मला म्हणाले.

“ते इथं गैरलागू आहे.”

“आणि हा डबा कुणाचा?” मी विचारलं.

श्रीपतराव खुर्चीत पुढे सरकले. त्यांचे वडील, ज्ञानू खोचरे, मराठा पलटणीत होते. इटलीच्या लढाईत होते. तिथं त्यांनी एक जर्मन साहेब एकट्यानं पकडला, आणि हे त्याचं.

“हुद्दा काय होता वडलांचा?”

कॅप्टन खाकरले.

“लांगरी,” श्रीपतराव म्हणाले. “सैपाक करायचा पलटणीचा. मग? सैपाक्यानं जर्मन पकडू ने असा कायदा हाय का?”

“कशानं पकडला तेही सांग की,” कॅप्टन म्हणाले.

“पळीनं.”

अण्णांनी दगडावरून मान वर केली.

गोष्ट अशी. थंडीची पहाट. ज्ञानू लांगऱ्यानं चहाचं आधण ठेवलेलं. झाडीतनं एक जर्मन साहेब बाहेर आला, वयस्क, दाढी वाढलेली. ज्ञानूच्या हातात पळी होती. त्यानं ती रोखली. जर्मनानं हात वर केले. मग ज्ञानूनं त्याला मगभर चहा दिला, दोन पोळ्या दिल्या आणि नेऊन सुभेदारापुढं उभा केला. जाताना जर्मनानं खिशातनं, कोटावरनं हे काढून ज्ञानूच्या हातावर ठेवलं.

“गावात आमाला पळीवाले म्हंत्यात,” श्रीपतराव म्हणाले. “शाळंत हुतो तवा पोरं पळ्या घेऊन माझ्या मागं यायची. हात वर कर म्हनायची. कंडक्टर झालो तर प्याशिंजर म्हनायचं, तिकीट न्हाई काढत, पळी रोख. साठ वर्सं ऐकतोय. माझी आईसुदिक हसायची. पळी बघून भूक लागली आसंल त्याला, म्हनायची. आमच्या घरात थापा मारायच्या त्या बानं, आसं समद्यांचं ठरल्यालं. आई मातुर कधी खोटं बोलली न्हाई. मोजून मापून बोलायची.” त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. “मला एवढंच पायजे म्याडम. बा खरं बोलत हुता का न्हाई, ते कागदावर लिवून द्या. न्हाई म्हनला तरी चालंल. पर लिवून द्या.”

चालणार नव्हतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

मी आठवडाभराची मुदत मागितली. कॅप्टनांनी दोन दिवस दिले.

“एक मला आत्ताच खटकतंय,” उठता उठता त्यांनी क्रॉस उलटसुलट केला. “पुढं १९१४, मागं १८१३. एकाच मेडलवर दोन सनं? आणि माणूस पकडला म्हणे १९४४ ला.”

मला हे माहीत नव्हतं. संध्याकाळपर्यंत माहीत झालं. हा सन्मान सुरू झाला १८१३ साली आणि पहिल्या महायुद्धासाठी तो पुन्हा काढला १९१४ साली. दोन्ही सनं हवीतच. एकच सन असतं तर शंका घ्यायची. दुसऱ्या महायुद्धातल्या वयस्क अधिकाऱ्यांकडे तरुणपणी मिळालेले असे क्रॉस असायचे. श्रीपतरावांचा जर्मन वयस्कच होता.

अस्सल क्रॉस तीन तुकड्यांचा असतो. मधे लोखंडाचा ओतीव गाभा, त्याला काळा रंग, आणि पुढून-मागून चांदीची चौकट, दोन्ही चौकटी कडेला वितळत्या धातूचा डाक लावून जोडलेल्या. नकली बहुधा एकाच ओतात होतो. मी चुंबक लावला. गाभ्याला चिकटला, चौकटीला नाही. भिंगाखाली कडेला जोडाची रेघ दिसली, केसाएवढी. यंत्राखाली चौकट धरली: चांदी ८०.१ टक्के. त्या काळी जर्मनीत हजारात आठशे भाग चांदी वापरायचे. वजन सतरा ग्रॅम सहाशे वीस मिलिग्रॅम, हेही बसत होतं.

फक्त काळा रंग कुठेच नव्हता. गाभा लालसर तपकिरी आणि मधेच भांड्यासारखा लख्ख.

“हे कोणीतरी घासलंय,” अण्णा म्हणाले. त्यांनी क्रॉस नाकाशी नेला. “चिंच.”

“सत्तर वर्षांचा चिंचेचा वास नाही राहत, अण्णा.”

“मागच्या दसऱ्याचा राहतो.”

पुढे आल्या फिती. पहिली काळी, कडांजवळ पांढरे पट्टे. दुसरीत काळ्या-पांढऱ्याच्या मधे तांबडी रेघ. तिसरी तिकडच्या गव्हाच्या शेतातल्या रानफुलासारखी निळी. ती लांब नोकरीसाठी मिळायची. क्रमही बरोबर होता. मग मी खिडकीचा पडदा ओढला आणि खडे तपासायचा अतिनील दिवा लावला. कापड पांढरंशुभ्र दिसावं म्हणून जी रसायनं वापरतात ती सर्रास आली युद्धानंतर. ती ह्या दिव्याखाली निळसर चमकतात. जुनी फीत अंधारातच राहते. परीक्षा सोपी, उत्तर रोखठोक.

फिती ट्यूबलाइटसारख्या चमकल्या.

दुसऱ्या दिवशी दोघं आले. मी वहीतलं वाचून दाखवलं: क्रॉस जुना दिसतो, पण फितींचं कापड १९५० नंतरचं. पट्टी बनावट. आणि पट्टी बनावट तर क्रॉसही त्याच माणसानं कुठल्या तरी जुन्या बाजारातून घेतलेला असू शकतो.

ते ‘असू शकतो’ मी फार शास्त्रीय चेहऱ्यानं म्हटलं. अजून आठवलं की कान गरम होतात.

कॅप्टनांनी टिपून घेतलं. आश्चर्य म्हणजे त्यांना आनंद झालेला दिसला नाही. श्रीपतरावांनी डबा ओढला आणि झाकण लावायला लागले. ते बसेना. दोनदा उलटं लावलं.

“बरं झालं आई न्हाई,” ते म्हणाले. “तिनं तर डोळ्यात तेल घालून संबाळल्यालं. दर खंडेनवमीला कोयत्या-विळ्यांच्या संगट पाटावर मांडायची. हसायची आणि मांडायची. चिंच लावून क्रॉस घासायची, रिठ्याच्या पान्यानं फिती पुसायची. आता आमची मंडळी पुसती. ती रिठा कुठला आणती? धुन्याची पावडर लावती फडक्याला.”

माझ्या हातातलं पेन थांबलं.

“काय लावतात?”

“पावडर. धुन्याची. चांगली महागाची हाय, टीव्हीवरची.”

“पांढऱ्यावर पांढरं दिसतं ती?”

“तीच की.”

अण्णा हसायला लागले. आवाज न करता, फक्त पोट हलवत. त्यांना रसायनशास्त्र येत नव्हतं, पण माझा चेहरा वाचता येत होता.

“ओशाळलं गं यंत्र,” ते म्हणाले.

धुण्याच्या पावडरीत तीच चमकणारी रसायनं असतात. हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण जर्मन फौजेची फीत कोणी पाटावर मांडून पावडरीनं पुसत असेल, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

“श्रीपतराव, डबा उघडा,” मी म्हटलं. “कॅप्टन, ते पान खोडा. अण्णा, मला शंभर वर्षांपूर्वीचं कापड पाहिजे. आत्ता.”

“कापडाचं दुकान पलीकडे आहे.”

“जुनं, अण्णा!”

अण्णांनी दगड बाजूला ठेवला. मग स्टुलावर चढून त्यांनी भिंतीवरच्या तसबिरीमागून एक गाठोडं काढलं. तसबिरीत त्यांचे आजोबा होते आणि गाठोड्यात तसबिरीतला फेटा.

“चार बोटं काप. शेवटाकडनं. माझ्या आजोबांच्या डोक्याला आजवर कुणी कात्री लावली नव्हती.”

दिव्याखाली फेट्याचा तुकडा काळाठिक्कर राहिला. त्याचा अर्धा भाग पावडरीच्या पाण्यात बुडवून मी दुकानाच्या पायरीवर उन्हात वाळत घातला. पाऊण तास आम्ही चौघं पायरीवर उभं राहून चार बोटं कापडाची राखण करत होतो. गुजरीतला प्रत्येक जण विचारून गेला. कॅप्टन प्रत्येकाला “प्रयोग चालू आहे, पुढं चला” म्हणत होते.

तुकडा वाळला. पडदा ओढला, दिवा लावला. धुतलेला अर्धा चमकला. न धुतलेला नाही.

“म्हंजे फिती खऱ्या?” श्रीपतराव म्हणाले.

“म्हणजे माझी परीक्षा खोटी. फिती अजून ठरायच्यात.” मी पट्टी पालथी केली. फिती पत्र्यावरून मागे दुमडून सरसानं चिकटवलेल्या होत्या आणि वर जाड लोकरी कापड शिवलं होतं. “मागचं कापड कधी पुसलं होतं?”

“न्हाई. पाटावर पालथं कशाला मांडील कोन?”

“एका कोपऱ्याचे चार टाके सोडवू का?”

त्यांनी कॅप्टनांकडे बघितलं. कॅप्टनांनी मान हलवली. मग स्वतःच म्हणाले, “घाला सुरी.”

चार टाके सोडवून मी लोकरी कापड उचललं. आत फितींची टोकं होती, सरस लागून तपकिरी झालेली, त्या दिवसानंतर उजेड न बघितलेली. पुढून चमकणाऱ्याच त्या तीन फिती. दिव्याखाली पाठीमागे मिट्ट काळोख होता. टाक्यांचा दोराही काळा. पिन सरळ होती, कुठे वाकलेली, ओढलेली नाही. कोटावरून हिसकावलेल्या पट्टीची पिन सहसा सरळ राहत नाही. ही कुणीतरी बसून, शांतपणे सोडवली होती.

“लिहा कॅप्टन,” मी म्हटलं. “फिती युद्धानंतरच्या नाहीत. पट्टी अस्सल. हिसकावलेली दिसत नाही.”

“चहा आणि दोन पोळ्या,” कॅप्टन हळूच म्हणाले आणि लिहायला लागले. लिहिता लिहिता थांबले. फौजेतला माणूस. यादीतलं काही सुटत नाही. “कडीचं काय?”

कडीवर मी अजून आलेच नव्हते. अस्सल क्रॉसच्या वरच्या टोकाला बारीक कान असतो आणि त्यातून फितीसाठी मोठी कडी ओवलेली. त्या कडीवर बहुधा बनवणाऱ्याचा छाप असतो, नाहीतर ८०० हा आकडा. ह्या कडीवर काहीच नव्हतं. जाडही जास्त. मी ती यंत्राखाली धरली. चांदी होती, पण जर्मन नाही. बरीच हलकी, त्यात जस्त, किंचित शिसं.

“ही मूळची नाही,” मी म्हटलं. म्हणायला नको वाटत होतं, पण आकडा समोर होता. “नंतर घातलीय.”

“कुणी?”

“ते यंत्र नाही सांगत.”

“मग पंचाईत आहे, श्रीपा,” कॅप्टन म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी श्रीपतरावांना नावानं हाक मारली. “मी मानतो. ज्ञानूकाकाची मी हात जोडून माफी मागतो. पण कमिटीत लोक विचारणार. नवी कडी लागते ती दुकानात विकायला ठेवलेल्या मालाला. बाजारातनं आणलं म्हणतील. एक भाग अनोळखी असला की उरलेल्या सगळ्यावर बोट येतं. कडी कुणाची, ते सांगता आलं पाहिजे.”

अण्णांनी कडी माझ्या हातातून घेतली, क्रॉससकट. दगडावर घासली नाही. नुसता अंगठा आतून फिरवला, दोनदा, तीनदा.

“ही दुकानातली नव्हे,” ते म्हणाले. “आपल्याकडची चांदी आहे. खेड्यातल्या सोनारानं वळवलीय, डाक जाड पडलाय त्याचा. आणि आधी ही दुसरं काहीतरी होती. वरून खरखरीत आहे, आतून लोण्यासारखी. अंगावर वापरल्याशिवाय चांदी अशी होत नाही. वर्षानुवर्षं.”

“दागिना?” मी विचारलं.

“हातातला नाही. हातातला दोन्हीकडून झिजतो.” अण्णांनी कडी उजेडात धरली. “ह्या रेघा बघ. तीन तिरप्या. अर्ध्यात कापल्यात.”

श्रीपतराव खुर्चीवरून उठले. क्रॉसच्या कडीकडे वाकून बघितलं. बराच वेळ. मग टोपी डोक्यावर ठेवली.

“येतो,” म्हणाले.

“अरे, कुठं?”

“गावाकडं. चारच्या गाडीनं जातो, सकाळच्या पैल्या गाडीनं येतो.”

“पण झालं काय?”

“माज्या आईच्या डाव्या पायात जोडवं नव्हतं,” श्रीपतराव म्हणाले. “म्या बघितलं तवापास्नं. उजव्यात हुतं. बायका विचारायच्या, हौसाक्का, दुसरं कुठाय? म्हनायची, भोगावतीत गेलं. धुनं धुताना. नवं का करत न्हाईस? म्हनायची, नदीनं नेलंय, नदी दील.” दारात ते वळले. “बा लडाईवरनं आला सेहेचाळीस साली. मी झालो आठ्ठेचाळीसला.”

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी ते पायरीवर बसलेले होते. कॅप्टनही होते, शेजारी. दोघांमधे एका पुरचुंडीत शेंगा होत्या आणि टरफलं सारखी वाटून दोन ढिगांत पडली होती. श्रीपतरावांनी धोतराच्या सोग्याची गाठ सोडली. आत कापसात गुंडाळलेलं एक जोडवं होतं. वर तीन तीन तिरप्या रेघांची नक्षी, आतून गुळगुळीत.

“जोंधळ्याच्या कनगीत हुतं,” ते म्हणाले. “बा गेल्यावर काडून ठेवल्यालं. ह्याला पन चिंच लागलीय बगा.”

अण्णांनी दगड कपाटात ठेवला आणि यंत्राचं झाकण स्वतःच्या हातानं उघडलं.

“तू लाव गं,” म्हणाले. “आज तुझ्याच तोंडून ऐकतो.”

मी कडीची तीन रीडिंग घेतली आणि सरासरी काढली. जोडव्याची तीन घेतली आणि सरासरी काढली. कागद छापून आला तसा कॅप्टनांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, पायरीवर ताठ उभे राहिले आणि हजेरी घ्यावी तशा आवाजात वाचलं.

कडी: चांदी ६८.४ टक्के, तांबं २७.९, जस्त ३.१, शिसं ०.६.

जोडवं: चांदी ६८.३ टक्के, तांबं २८.०, जस्त ३.१, शिसं ०.६.